नेताजींच्या अस्थी टोकियोतच का? बातम्यांमागचा गुंता

वर्षातून दोनदा ही बातमी हमखास येते. २३ जानेवारीला, म्हणजे सुभाषचंद्र बोस यांच्या जयंतीला, आणि १८ ऑगस्टला, म्हणजे १९४५ मध्ये तैपेईच्या विमान अपघातात ते गेले असं सांगितलं जातं त्या तारखेला. मथळा साधारण ठरलेला: ‘नेताजींच्या अस्थी भारतात आणा’. सोबत मागणी करणाऱ्यांचं म्हणणं, विरोध करणाऱ्यांचं म्हणणं, या अस्थी जिथे ठेवल्या आहेत त्या टोकियोच्या रेंकोजी मंदिराचा फोटो. आठवडाभर लेख आणि वाचकांची पत्रं येतात, मग विषय पुढच्या तारखेपर्यंत गुंडाळून ठेवला जातो. वाचणाऱ्याला मात्र एक साधी गोष्ट कळत नाही. सरकार पुतळे उभारतं, जयंतीला ‘पराक्रम दिवस’ म्हणतं, मग अस्थींचा एक कलश आणायला ऐंशी वर्षं का लागावीत?

याचं कारण असं की मथळ्यात प्रश्न एक दिसतो, पण आत तीन असतात. तैपेईला विमान अपघात झाला का? झाला असेल तर रेंकोजीतल्या अस्थी नेताजींच्याच आहेत का? आणि असतील तर त्या आणायचं ठरवणार कोण? वर्तमानपत्रांतली बहुतेक भांडणं या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे होतात. एक जण पहिल्या प्रश्नावर बोलतो, दुसरा तिसऱ्यावर उत्तर देतो आणि दोघांनाही वाटतं समोरचा खोटं बोलतोय.

आधी अपघाताची हकीकत, जशी जपानी आणि भारतीय चौकशांत नोंदली गेली तशी. जपानने शरणागती जाहीर केल्यावर नेताजी १७ ऑगस्ट १९४५ ला सायगॉनहून एका जपानी बॉम्बर विमानात बसले. विमान मांचुरियातल्या दाइरेनकडे निघालं होतं आणि त्यात लेफ्टनंट जनरल त्सुनामासा शिदेई हे जपानी अधिकारी होते. नेताजींबरोबर भारतीय एकच, कर्नल हबीबुर रहमान. (आझाद हिंद सेनेचे चीफ ऑफ स्टाफ कोकणातले जगन्नाथराव भोसले, रहमान त्यांचे डेप्युटी.) रात्री तुरान इथे, म्हणजे आजच्या दा नांगला, मुक्काम झाला. १८ तारखेला दुपारी विमान तैहोकूला, म्हणजे तैपेईला, इंधनासाठी उतरलं. पुन्हा उडताच डावीकडचा पंखा निखळला आणि विमान धावपट्टीजवळ कोसळून पेटलं. शिदेई जागीच गेले. पेट्रोलने भिजलेले नेताजी गंभीर भाजले. लष्करी रुग्णालयात डॉ. तानेयोशी योशिमी यांनी उपचार केले आणि त्याच रात्री मृत्यू झाला, असं योशिमी, रहमान आणि इतर साक्षीदारांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं. दोमेई या जपानी वृत्तसंस्थेने २३ ऑगस्टला बातमी दिली.

पुढचा तपशील महत्त्वाचा आहे, कारण वादाचं मूळ तिथेच आहे. मृतदेह टोकियोला न्यायचा विचार होता, पण शवपेटी विमानात मावेना. म्हणून दहन तैपेईतच झालं. कोणत्या तारखेला? काही साक्षी २० ऑगस्ट सांगतात, जपान सरकारच्या १९५६ च्या अहवालात २२ ऑगस्ट आहे. चेहरा ओळखू येईल असा मृतदेहाचा एकही फोटो नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला अस्थी टोकियोला पोचल्या, तिथे आझाद हिंद सरकारचे मंत्री एस. ए. अय्यर आणि टोकियोतल्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचे राम मूर्ती यांच्या हवाली झाल्या आणि त्याच महिन्यात निचिरेन या बौद्ध पंथाच्या रेंकोजी मंदिरात ठेवल्या गेल्या. मुख्य पुजारी क्योएई मोचिझुकी यांनी त्या तात्पुरत्या म्हणून स्वीकारल्या. ते ‘तात्पुरतं’ आजही चालू आहे.

नेहरू १९५७ मध्ये तिथे गेले, पुढच्या वर्षी राजेंद्रप्रसाद, १९६९ मध्ये इंदिरा गांधी, २००१ मध्ये अटलबिहारी वाजपेयी. खुल्या झालेल्या सरकारी कागदांनुसार १९६७ ते २००५ या काळात भारत सरकारने या अस्थींच्या देखभालीसाठी मंदिराला ५२ लाख ६६ हजार रुपयांहून थोडी अधिक रक्कम दिली. म्हणजे खर्च करायला सरकार तयार, माथा टेकायला पंतप्रधान तयार, पण घरी न्यायला कुणी तयार नाही.

चौकशा तीन झाल्या, आणि कुठली बातमी कुठल्या चौकशीच्या आधारावर उभी आहे हे ओळखता आलं की अर्धा गोंधळ मिटतो. १९५६ ची शाहनवाज समिती: आझाद हिंद सेनेतलेच शाहनवाज खान अध्यक्ष, सनदी अधिकारी एस. एन. मैत्र आणि नेताजींचे थोरले भाऊ सुरेशचंद्र बोस सदस्य. दोघांनी म्हटलं अपघात झाला, मृत्यू झाला, अस्थी सन्मानाने भारतात आणाव्यात. सुरेशचंद्रांनी वेगळं मत नोंदवलं. बोस कुटुंबातली फूट तेव्हापासून कागदावर आहे. दुसरी १९७० ची, पंजाब उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती जी. डी. खोसला यांची, १९७४ चा तिचा निष्कर्षही तोच. पण १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत सांगितलं की आधीचे निष्कर्ष निर्णायक मानता येत नाहीत. सरकारनेच स्वतःच्या दोन चौकशांखालची जमीन काढून घेतली, आणि पुढच्या प्रत्येक लेखात हे वाक्य येत राहिलं.

तिसरा आयोग कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९९ मध्ये नेमला गेला, न्यायमूर्ती मनोजकुमार मुखर्जी यांचा. २००५ च्या अहवालाने सगळं उलटं केलं: नेताजी आता हयात नाहीत हे मान्य, पण मृत्यू विमान अपघातात झाला नाही आणि रेंकोजीतल्या अस्थी त्यांच्या नाहीत. अहवाल मे २००६ मध्ये संसदेत मांडला गेला आणि सरकारने तो फेटाळला. त्यामुळे केंद्राची अधिकृत भूमिका आजही शाहनवाज आणि खोसला यांचीच आहे. २०१७ मध्ये माहिती अधिकाराखाली गृह मंत्रालयाने तेच उत्तर दिलं.

मुखर्जी आयोगाचे दोन मुद्दे बातम्यांत सर्वाधिक फिरतात, म्हणून ते नीट पाहू. पहिला: त्या काळात तैपेईला असा अपघात झाल्याची नोंद सापडत नाही, असं तैवानकडून कळवण्यात आलं. ऐकायला हे निर्णायक वाटतं. पण ऑगस्ट १९४५ मध्ये तैवान जपानच्या ताब्यात होतं. चिनी प्रशासनाने ताबा घेतला २५ ऑक्टोबरला. हरलेल्या लष्कराच्या गुप्त उड्डाणाची नोंद नंतर आलेल्या सरकारच्या कपाटात नसणं यात नवल नाही. शिवाय त्याच विमानातल्या शिदेईंचा मृत्यू त्याच दिवशी तैहोकूला झाल्याचं जपानी सैनिकी नोंदीत आहे. माझ्या मते हा मुद्दा कमकुवत आहे.

दुसरा तसा नाही. तैपेईच्या दहनाच्या कागदांत नेताजींचं नाव नाही. तिथे इचिरो ओकुरा या जपानी सैनिकाचं नाव आहे, मृत्यूचं कारण हृदयविकार. अपघात मानणारे म्हणतात की गुप्तता राखण्यासाठी जपान्यांनी दुसऱ्याच्या नावाने परवाना काढला. न मानणारे म्हणतात की मग दहन ओकुराचंच झालं असेल आणि कलशात तोच असेल. पहिलं स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे, पण ते स्पष्टीकरणच आहे, पुरावा नव्हे. अधिकृत मृत्यूपत्र आणि दहनपत्र खऱ्या नावाने नसणं याचा त्रास पुढे प्रत्यक्ष कागदपत्रांत होतो.

कसा, ते बघा. परदेशात वारलेल्या साध्या माणसाच्या अस्थी आणायच्या तर तिथल्या यंत्रणेचा मृत्यूचा दाखला लागतो, दहनाचा दाखला लागतो, पासपोर्ट लागतो आणि या आधारावर भारतीय दूतावास कागद देतो. कलश सीलबंद करून आणता येतो. जपानमध्ये आणखी एक पायरी असते. कबरीत किंवा अस्थिगृहात रीतसर ठेवलेल्या अस्थी दुसरीकडे न्यायच्या असतील तर १९४८ च्या दफनभूमी कायद्याखाली स्थानिक पालिकेची परवानगी लागते. रेंकोजीचा कलश राजनैतिक विषय असल्याने दोन सरकारं ठरवतील तर या पायऱ्या सोप्या होतील, हे उघड आहे. पण कुठल्या तरी कागदावर मृताचं नाव, मृत्यूची तारीख आणि जागा लिहावीच लागेल. खाली सही भारत सरकारची असेल.

ती सहीच नको आहे. अस्थी स्वीकारणं म्हणजे १८ ऑगस्ट १९४५, तैहोकू, हे सगळ्या देशासमोर पुन्हा एकदा आणि कायमचं लिहून देणं. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, गुप्तचर विभागाने अस्थी आणू नयेत असा सल्ला दिल्याचं खुल्या झालेल्या कागदांत दिसतं. आणीबाणीचा फायदा घेऊन सरकार आपलं म्हणणं लादतंय असं बंगालमधल्या लोकांना वाटेल, ही त्यामागची भीती होती. १९९५ मध्ये, जन्मशताब्दी तोंडावर असताना, विषय केंद्रीय मंत्रिमंडळापुढे गेला आणि अस्थी तूर्त तिथेच राहू द्याव्यात यावर थांबला. एका शब्दाने काय होतं याचा नमुना त्याआधीच मिळाला होता. जानेवारी १९९२ मध्ये नेताजींना ‘मरणोत्तर’ भारतरत्न जाहीर झालं. ‘मरणोत्तर’ कशावरून, अशी याचिका झाली, कुटुंबानेही सन्मान घेतला नाही, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती घोषणा रद्द समजून विषय मिटवण्यात आला.

इथे परदेशी आणि भारतीय पत्रकारितेतला फरकही लक्षात ठेवावा. पाश्चात्त्य वृत्तपत्रांत नेताजी वादग्रस्त ठरतात ते हिटलरच्या जर्मनीशी आणि जपानशी केलेल्या हातमिळवणीमुळे. त्यांच्या लेखातला ‘वादग्रस्त नेता’ हा शब्द त्या अर्थाचा असतो. भारतात अस्थींचं घोडं अडलं ते त्यासाठी नाही. इथली अडचण अशी की ते गेले हे मानायलाच मोठा वर्ग तयार नाही. त्यात फैजाबादच्या ‘गुमनामी बाबां’ची, म्हणजे काही जण ज्यांना नेताजीच मानतात त्या साधूंची, गोष्ट आली. उत्तर प्रदेश सरकारच्या विष्णू सहाय आयोगाने ते नेताजी नव्हते असं म्हटलं, बाबांच्या सामानातल्या दातांची डीएनए चाचणीही जुळली नव्हती. तरी १८ ऑगस्टला ‘पुण्यतिथी’ असा शब्द कुणी मोठ्या व्यक्तीने वापरला की अजून गदारोळ होतो.

मग डीएनए चाचणी करा आणि मोकळे व्हा, असं प्रत्येक दुसऱ्या लेखाच्या शेवटी असतं. नेताजींच्या कन्या अनिता बोस फाफ, ज्या जर्मनीत अर्थशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, त्यांनीही चाचणीची तयारी वारंवार दाखवली आहे. मागणी रास्त आहे. पण चाचणीतून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे बातमीत क्वचितच नीट येतं.

पहिला प्रश्न हाडाचा. आपल्याकडच्या अस्थी आणि जपानी दहनानंतरच्या अस्थी यांत फरक असतो. जपानमध्ये नातलग हाडांचे तुकडे चॉपस्टिकने उचलून कलशात ठेवतात. मानेतल्या दुसऱ्या मणक्याला, ज्याला तिथे ‘घशातला बुद्ध’ म्हणतात, खास मान असतो. हाडं कुटून पूड करत नाहीत. त्यामुळे रेंकोजीच्या कलशात ओळखू येतील असे तुकडे असण्याची आशा आहे. पण आगीत डीएनए तुटतो. प्रयोगशाळा आधी तुकड्याचा रंग बघते. तपकिरी किंवा काळपट म्हणजे तो भाग कमी तापला, तिथे काही मिळू शकतं. राखाडी झाला तर आशा फारच थोडी. पांढरा आणि खडूसारखा ठिसूळ झाला तर साधारण सातशे अंशांच्या वर गेलेला, तिथून सहसा हाती काही येत नाही. चितेत किंवा जुन्या भट्टीत उष्णता सगळीकडे सारखी नसते, म्हणून दाताचं मूळ आणि कानामागचं कवटीचं घट्ट हाड हे दोन भाग आधी शोधतात. लागतो ग्रॅमभर नमुना, पण तो दळला की संपतो, परत कलशात जात नाही. मंदिराची आणि कुटुंबाची संमती म्हणूनच तोंडी चालत नाही. किती तुकडे, कोणते, उरलेलं कुठे, हे आधी लिहून घ्यावं लागतं.

दुसरा प्रश्न, जुळवायचं कुणाशी? इथे बहुतेक बातम्या चुकतात. जळक्या हाडात सगळ्यात जास्त टिकतो तो मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए, कारण पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. पण तो फक्त आईकडून येतो. अनिता यांच्यात तो त्यांच्या आईचा, म्हणजे व्हिएन्नाच्या एमिली शेंकल यांचा आहे. नेताजींचा नाही. म्हणजे सर्वाधिक टिकाऊ चाचणीसाठी मुलीचा नमुना निरुपयोगी! त्यासाठी नेताजींच्या आई प्रभावतीदेवींची स्त्रीवंशातली ओळ लागते: नेताजींच्या बहिणींची मुलं, आणि त्या बहिणींच्या मुलींची मुलं. प्रभावतीदेवी आणि जानकीनाथ यांना १४ अपत्यं होती, त्यांत सहा मुली, त्यामुळे ही ओळ सापडायला हरकत नाही. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं, म्हणून त्यासाठी भावांचे पुरुष वंशज हवेत, उदाहरणार्थ शरच्चंद्र बोस यांच्या मुलग्यांचे मुलगे. अनिता यांचा नमुना कामाला येतो तो बाकीच्या गुणसूत्रांसाठी. मुलीत निम्मा वाटा बापाचा असतोच, आणि पितृत्व सिद्ध करायला त्याच्याइतका भक्कम पुरावा नाही. अडचण एवढीच की नेमका तोच डीएनए आगीत सर्वांत आधी जातो. शहाणपण तिन्ही नमुने आधीच घेऊन ठेवण्यात आहे. अनिता यांचा जन्म १९४२ चा आहे; हे काम आणखी वीस वर्षं पुढे ढकलण्यासारखं नाही.

तिसरा प्रश्न भेसळीचा. कलश ऐंशी वर्षांत कितीदा उघडला, कुणाचे हात लागले, हे सांगता येत नाही. त्यामुळे हाडाचा वरचा थर घासून काढतात, प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाचा डीएनए नोंदवून ठेवतात आणि नमुना दोन वेगळ्या देशांतल्या दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासतात. दोघांचं उत्तर एक आलं तरच ते धरायचं. निव्वळ जपानी किंवा निव्वळ भारतीय प्रयोगशाळेचा निकाल इथे कुणीही मान्य करणार नाही, हे आधीच धरून चालावं.

आणि निकाल दोन नसतात, तीन असतात. जुळलं, जुळलं नाही, किंवा काहीच मिळालं नाही. तिसऱ्याची शक्यता बरीच मोठी आहे. ‘काहीच मिळालं नाही’ म्हणजे ‘त्या अस्थी नेताजींच्या नाहीत’ असं अजिबात नाही, पण दुसऱ्या दिवशीचा मथळा तसाच छापला जाईल याची जवळजवळ खात्री आहे. सरकार चाचणीच्या वाटेला जात नाही त्यामागे हीही भीती असावी. मुखर्जी आयोगाच्या काळात चाचणी का झाली नाही, यावर दीर्घकाळ मंदिराकडे बोट दाखवलं गेलं; २०२१ मध्ये बोस कुटुंबाकडून मंदिराच्या २००५ च्या जपानी पत्राचं नवं भाषांतर समोर आलं, आणि त्यानुसार मंदिराने परवानगी दिलेली होती.

भारताला अस्थी आणणं जमत नाही असं मात्र नाही. उधमसिंग यांचे अवशेष १९७४ मध्ये लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगातून आणले, मदनलाल धिंग्रा यांचे १९७६ मध्ये. श्यामजी कृष्णवर्मा १९३० मध्ये जिनिव्हात वारले. स्वतःच्या आणि पत्नी भानुमतींच्या अस्थी शंभर वर्षं सांभाळाव्यात असा करार त्यांनी तिथल्या दफनभूमीशी पैसे भरून केला होता, आणि ऑगस्ट २००३ मध्ये ते दोन्ही कलश गुजरातेत आले. (सावरकरांना लंडनला जाण्यासाठी शिष्यवृत्ती देणारे हेच श्यामजी.) या तिन्ही वेळा कलशात किंवा कबरीत कोण आहे यावर वाद नव्हता. तुरुंगाची वही होती, दफनभूमीची पावती होती. रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १९१६ मध्ये वारला, त्याची कबर अजून तिथेच आहे. तिथेही कुणाची कबर हा प्रश्न नाही, न्यायची की नाही एवढाच आहे. रेंकोजीत नेमकी हीच खात्री नाही, आणि दोन सरकारांच्या सहीने ती तयार होत नाही.

राहिला तिसरा प्रश्न, ठरवणार कोण. मंदिर अस्थी भारत सरकारच्या हाती द्यायला तयार आहे, एकट्या नातलगाच्या हाती देण्याचा हा मामला उरलेला नाही. सर्वांत जवळची वारस म्हणून मुलीचा शब्द वजनदार आहे आणि तो स्पष्ट आहे: वडिलांना मायदेशी आणा. पुतण्यांच्या पिढीत दोन्ही बाजूंचे लोक आहेत. म्हणून ‘बोस कुटुंबाची मागणी’ असा मथळा दिसला की कुटुंबातलं कोण, हे आधी पाहावं. बातमीत ‘अस्थी’ लिहिलंय की ‘कथित अस्थी’, यावरून तर ते वर्तमानपत्र कुठल्या आयोगाच्या बाजूला उभं आहे तेही कळतं.

यात एक क्रम चुकवून चालणार नाही. आणल्यावर काय करायचं यावरही मतं आहेत: दिल्लीत स्मारक, कोलकात्यात स्मारक, की रीतीप्रमाणे गंगेत विसर्जन. मुलीच्या दृष्टीने अंत्यविधी होणं स्वाभाविक आहे. पण विसर्जन आधी आणि चाचणी नंतर असं होऊ शकत नाही. आजचं तंत्र हरलं तरी उद्याचं कदाचित जिंकेल, म्हणून दात किंवा कवटीचे काही तुकडे दोन ठिकाणी सीलबंद राखून ठेवायचे, त्याची नोंद दोन्ही सरकारांनी करायची, आणि मगच उरलेला कलश कुटुंबाच्या हाती द्यायचा. मागणीच्या पत्रांत ही अट अजून फारशी दिसत नाही.